जुन्या लोकसंगीताच्या विनाइल रेकॉर्डची किंमत कशी ठरवावी?

नुसतं जुनं म्हणून भाव येत नाही. आधी ती पहिल्या छपाईची आहे का ते बघा. गाणी संपतात तिथपासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे छपाईच्या साच्याचा क्रमांक, असतो. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की तो वाचता येतो. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या माहिती-विक्रीच्या संकेतस्थळावरच्या नोंदींशी तो ताडून पाहा. तिथेही विक्रेत्यांनी मागितलेल्या किमतीवर जाऊ नका, प्रत्यक्षात विक्री कितीला झाली तेच खरं.

लोकसंगीतात खरी दुर्मीळता खाजगी छपाईत, म्हणजे कलाकारांनी स्वतःच काढलेल्या मोजक्या प्रतींत, सापडते. १९७३ पूर्वीच्या ब्रिटनमध्ये ९९ प्रतींपर्यंतच्या छपाईवर खरेदी कर लागत नसे, म्हणून कित्येक गायकांनी तेवढ्याच प्रती काढल्या. अशी रेकॉर्ड हाती लागली तर घाईने विकू नका, ही कळकळीची विनंती.

विकताना रेकॉर्डच्या अवस्थेचा दर्जा एक पायरी कमीच सांगा. नुसतं पाहून ‘निअर मिंट’ (जवळपास नव्यासारखी) लिहू नका, दोन्ही बाजू ऐका. लोकगीतांत शांत जागा फार, त्यामुळे बारीक खरखरही लगेच कानाला टोचते. कव्हरचा दर्जा वेगळा लिहा. पाठवताना रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढूनच पॅक करा, नाहीतर वाटेत कव्हरची शिवण फाटते.