मुंबईहून कुत्र्याला घेऊन नाशिकच्या वाइनरी बघायला जाता येईल का?

जाता येईल, पण बेत कुत्र्याच्या कलाने आखा. खरी काळजी द्राक्षांची. ताजी असोत वा मनुका, कुत्र्यांना ती विषारी. उलट्या होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ली की बाधतील याचा नेम नाही, त्यामुळे "दोन-चारच तर खाल्ली" म्हणून वाट बघत बसू नका, थेट पशुवैद्य गाठा. जानेवारी ते मार्च तोडणीचा हंगाम. वेलींखाली गळलेले मणी, वाइनरीच्या मागे चोथ्याचा ढीग, आणि कुत्रा लॅब्रॅडॉरसारखा खादाड असेल तर बघायलाच नको! पट्टा आखूड धरा. बागेत फवारणी झालेली असू शकते, बाहेर आल्यावर पंजे पुसा.

मला विचाराल तर पावसाळा सरता सरता जा. गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार असतो, उन्हाचा त्रासही कमी. सुला, सोमा, यॉर्क या वाइनरी तिकडेच आहेत. कुत्र्याला आत घेतात का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. नसतील घेत तर टेस्टिंग आळीपाळीने करा, त्याला बंद गाडीत ठेवू नका. कसारा घाटाआधी पोटभर खायला घालू नका, वळणांवर ओकतो. परतीला गाडी चालवणाऱ्याने मात्र थेंबही घ्यायचा नाही.