पतंग: लाकडातला आणि आभाळातला

प्रश्न: ‘पतंगी’ रंग ज्या पतंगाच्या लाकडापासून होतो, ते म्हणजे रक्तचंदनच का? आणि उडणाऱ्या पतंगाशी त्याचं काही नातं आहे का?

माझ्या मते दोन्हींचं उत्तर ‘नाही’. पण पहिला घोळ चांगलाच जुना आहे. ‘तिलपर्णी तु पत्राङ्गं रञ्जनं रक्तचन्दनम्’ असं म्हणून अमरकोशानेच दोघांना (‘पत्राङ्ग’ म्हणजे पतंग) एका ओळीत बसवलंय. त्यातलं ‘रञ्जन’ मात्र अगदी नेमकं: रंगवणारं.

झाडं वेगळी आहेत. रक्तचंदन आंध्रातल्या शेषाचलम भागातलं, पतंग म्हणजे काटेरी, पिवळ्या फुलांचं, शेंगा धरणारं छोटं झाड. दुकानात तुकडे बघून फसायला होतं, तेव्हा पाण्यात टाकून बघावं. रक्तचंदनाचा रंग पाण्यात जवळजवळ उतरत नाही, त्याला स्पिरिट लागतं. पतंगाच्या सालपटांनी गरम पाणी बघता बघता लाल होतं. केरळात ‘पतिमुगम्’ घालून उकळलेलं गुलाबी पाणी पितात, ते हेच लाकूड. त्या पाण्यात लिंबू पिळलं तर ते पिवळट होतं, खायचा सोडा टाकला तर गडद किरमिजी. गंमत म्हणजे यातलं मूळ द्रव्य, ब्राझिलिन, जवळपास बिनरंगी असतं. हवा लागली की त्याचं लाल ब्राझिलेइन होतं. कापडावर तुरटी लावून घेतली तर लाल चढतो, लोखंडाचा अंश आला तर जांभळट काळपट.

आता नातं. लाकडाची संस्कृत नावं पत्रांग, पत्तंग. तीच बोलण्यात घासून पतंग झाली असावीत. आभाळातला पतंग ‘पत्’, म्हणजे उडणे, या धातूचा. संस्कृतात पाखरू, किडा आणि सूर्य, सगळे पतंगच. पतंगाचा रंग उन्हात लवकर उडतो, त्यामुळे कुणी दोन्ही पतंग एकाच दोरीला बांधले तर हसू नये. व्युत्पत्ती मात्र तशी नाही.

जाता जाता: ब्राझिलिन हे नाव ब्राझील देशावरून पडलं असं वाटतं, पण क्रम उलटा आहे. आशियातून येणाऱ्या या लाल लाकडाला युरोपात मध्ययुगापासून ‘ब्रासिल’ म्हणत. 1500 साली पोर्तुगीज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले, तिथे तसाच रंग देणारं झाड मुबलक मिळालं, आणि लाकडाचं नाव देशाला चिकटलं.