संगणकावर संगीत रचायला आधी कीबोर्ड वाजवता यायला हवा का?

नाही, नुसत्या माउसनेही पूर्ण गाणं रचता येतं. कारण १९८३ पासून चालत आलेल्या मिडी (वाद्यं आणि संगणक यांच्यात सूचना पाठवायच्या) पद्धतीत आवाज साठवलाच जात नाही. कोणता स्वर (० ते १२७ पैकी एक क्रमांक), कधी सुरू, कधी बंद आणि किती जोरात, अशा सूचनांची नोंद असते. पियानो रोलच्या (उभ्या बाजूला स्वर, आडव्या बाजूला वेळ अशा) चौकटीत ठोकळे मांडले की ही नोंद होते, आणि चुकलेला ठोकळा फक्त सरकवायचा. एलएमएमएस हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. सुरुवातीला तेवढं पुरे. प्लगइन (जोडून घ्यायची जास्तीची वाद्यं आणि इफेक्ट) गोळा करत बसू नका, तो वेगळाच छंद आहे.

मात्र एक अडचण येते. माउसने मांडलेले स्वर एकाच जोराचे आणि मात्रेवर अगदी काटेकोर बसतात, त्यामुळे यंत्र वाजवतंय हे लगेच कळतं. व्हेलॉसिटी, म्हणजे प्रत्येक स्वराचा जोर, हाताने कमीजास्त करा, काही स्वर किंचित मागेपुढे सरकवा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी असेल तर पिच बेंडची (स्वर वर-खाली वाकवणारी) रेघ काढावी लागते. ते काम माउसने फार किचकट होतं, तिथे पिच बेंडची चकती असलेला २५ कळांचा छोटा मिडी कीबोर्ड बराच वेळ वाचवतो.