मामाजींची भरलेली बंदूक खुंटीला टांगलेली असते आणि घरात लहान मुलं आहेत. काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: “यवतमाळ जिल्ह्यात जंगलाला लागून आमचं वावर आहे. मामाजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, परवान्याची बारा बोरची दुनळी बंदूक आहे. डुकरं आणि रोही (नीलगाई) येतात म्हणून ते ती भरूनच खुंटीला टांगतात. मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत. मामाजी म्हणतात, सेफ्टी लावलेली असते, खुंटीही उंच आहे. एवढं पुरेसं आहे का? नसेल तर मीच काडतुसं काढून ठेवू का?”

ताई, पुरेसं नाही. आणि काडतुसं तुम्ही काढू नका.

दुसरं आधी सांगतो. बंदूक ज्यानं कधी हाताळली नाही त्यानं ती खुंटीवरून उतरवणं, चाचपडत उघडणं, हाच सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. शिवाय परवाना मामाजींच्या नावावर आहे, तुमच्या नाही. त्यामुळे मामाजी वावरात गेलेले आहेत आणि बंदूक भरलेली वाटते, तर मुलांना बाहेर काढा, खोलीला कुलूप लावा आणि त्यांना फोन करा. हात लावू नका, आणि यजमानांनाही “मी पाहतो” म्हणून लावू देऊ नका.

आता सेफ्टीचं. मी जिल्हा पोलीस मुख्यालयात आर्मोरर होतो, निवृत्तीनंतर गावी वावर पाहतो. शस्त्रं उघडणं, साफ करणं, दुरुस्त करणं यातच नोकरी गेली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. ज्या दुनळीला बाहेर घोडे (काडतुसावर ठोका देणारे भाग) दिसत नाहीत, तिचे घोडे आत असतात. बंदूक उघडली की ते ताणले जातात आणि मिटल्यावरही ताणलेलेच राहतात. सेफ्टीची पट्टी मागे सरकवली की बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडतो, घोडा अडत नाही. घोडा एका बारीक खाचेवर तोललेला असतो. आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या बंदुकीत ती खाच घासलेली असते. अशी बंदूक खुंटीवरून पडून दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडी भागावर, आपटली तर चापाला बोटही न लागता घोडा सुटू शकतो. सेफ्टी लावलेली असली तरी. म्हणून आमच्याकडे सेफ्टीवर कुणी विश्वास ठेवत नसे. ती लावायची, पण ती नाहीच असं समजून वागायचं.

बाहेर घोडे असलेली जुनी बंदूक असेल तर तिची तऱ्हा वेगळी. फार जुन्या घडणीत घोडा खाली असला की तो थेट पिनवर टेकलेला असतो आणि पिन काडतुसाच्या टिकलीवर. घोड्यावर नुसता ठोका बसला तरी पुरतं. ओढलेला घोडा अंगठ्यानं धरून हळूच खाली सोडताना अंगठा निसटतो तो वेगळाच. आधी नळी उघडून काडतुसं बाहेर काढावीत, घोडा त्यानंतर सोडावा. हा क्रम उलटा करणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत.

उंच खुंटीबद्दल काय बोलावं? नऊ वर्षांचं पोरगं पाण्याच्या टाकीवर, कवेलूच्या छपरावर, आंब्यावर चढतं. आजोबा बंदूक कशी खांद्याला लावतात हे ते रोज पाहतं. खाटेवर पाट ठेवला की खुंटी हाताशी.

तुमच्या मामाजींचं म्हणणं मला ऐकू येतंय: “डुक्कर काय माह्यासाठी थांबून राह्यते काय? वेळेवर भरत बसू काय?” हे म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, रात्र रात्र जागल करणाऱ्या माणसाचं ते आहे. पण हिशेब करून पाहा. डुक्कर वावरात असतं, घरात नसतं. घरून वावरात जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तुलनेत दुनळी उघडून दोन काडतुसं सारून मिटायला काही सेकंद लागतात. भरलेली बंदूक घरात ठेवून वाचतात ते एवढेच सेकंद. तेव्हा त्यांच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घ्या: बंदूक भरायची ती वावरात, जागेवर उभं राहिल्यावर, आणि तिथून हलायच्या आधी रिकामी करायची. भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत आणायची नाही. बाकी सगळं मी पुढे सांगतो, पण ते विसरलं तरी हे एक पाळलं तर घरातला धोका जवळजवळ संपतो.

“रिकामीच आहे” या शब्दावर मात्र कधीच थांबू नका. निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं जमा करायला लोक येतात. घरून निघताना रिकामी केली असं शपथेवर सांगणाऱ्याच्या बंदुकीत काडतूस निघालेलं आहे, आणि एकदाच नव्हे. एका नळीतलं काढलं, दुसऱ्या नळीतलं फुगून अडकलं, अंधारात दिसलं नाही. साफ करताना गोळी सुटली अशा ज्या बातम्या येतात त्यातली बंदूक मालकाच्या मते रिकामीच असते. हातात घेतली की उघडायची, दोन्ही नळ्यांतून उजेड आरपार दिसतो का पाहायचं. तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्याच्या हातात दिली तर त्यानंही पुन्हा उघडून पाहायचं. यात कुणी कुणाचा अपमान करत नाही. पोलिसात साहेबाच्या हातात देतानाही हेच करतात.

रिकामी करायची जागा ठरवून घ्या. आमच्या शस्त्रागाराबाहेर वाळूनं भरलेला पिंप असे, त्यात तोंड करूनच हत्यार उघडायचं. तुम्ही अंगणाच्या कडेला वाळूची चारदोन पोती एकावर एक रचा, किंवा मागे कुणी येत-जात नाही असा मातीचा मोठा ढीग चालेल. घराच्या आत तोंड कुठे करणार? कवेलू, टिन, लाकडी दार, यातलं काही छर्रा अडवत नाही. सिमेंटच्या फरशीवरून तो उलटून येतो. जुन्या घराची दोन फुटी मातीची भिंत अडवेल, पण तिच्यात खिडकी असते हे विसरू नका. उघडताना बोट चापाच्या कड्याबाहेर, दस्त्याला सरळ चिकटलेलं.

ठेवण्याबद्दल माझं स्पष्ट मत असं की दुनळी अखंड ठेवूच नये. नळीखालचा लाकडी तुकडा निघाला आणि बंदूक उघडली की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात. मामाजींना हे माहीत असणार. नळ्या एका लोखंडी कपाटात, दस्ता दुसऱ्या खोलीतल्या पेटीत आणि काडतुसं तिसऱ्या ठिकाणी कुलपात. किल्ल्या मामाजींच्या करगोट्याला. मुलाच्या हाती यातलं एक काही लागलं तरी त्याची बंदूक होत नाही. पावसाळ्यात नळ्या तेलाचं फडकं मारून ठेवा. कापडी खोळीत महिनोन्महिने ठेवू नका, दमट हवेत गंज आतून धरतो.

काडतुसं हा आपल्याकडे दुर्लक्षिलेला भाग. जुनी काडतुसं ओल लागून फुगतात आणि नळीत नीट बसत नाहीत. जोर लावून बंदूक मिटू नये. काडतुसं उन्हात वाळत घालणं, चुलीवरच्या माळ्यावर ठेवणं, दोन्ही बंद करा. जुनी झाली म्हणून विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात द्या. चाप ओढून बार झाला नाही, तर नळीचं तोंड वावराच्या मोकळ्या मातीकडे तसंच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कधी कधी बार उशिरा उडतो. आणि घरात पाहुण्याच्या वीस बोरच्या बंदुकीची काडतुसं असतील तर ती बारा बोरच्या डब्यात कधीही मिसळू देऊ नका. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत पुढे सरकून अडकतं. वरून नळी रिकामी दिसते, मागून बारा बोरचं बसतं, आणि बार टाकला की नळी हातात फुटते. जगभर या एका चुकीनं बोटं गेलेली आहेत.

नळी फुटायचं आपल्या भागातलं दुसरं कारण काळी माती. धुऱ्यावरून (बांधावरून) पाय घसरला, नळीचं तोंड चिखलात रुतलं आणि तसाच बार टाकला, तर वाट बंद झालेला दाब नळी चिरतो. पडल्यावर आधी उघडून आरपार पाहायचं. तारेचं कुंपण ओलांडताना, मचाणीवर चढताना, बंडीत किंवा मोटरसायकलवर बसताना बंदूक रिकामी. मचाणीवर वर घ्यायची तर रिकामी बंदूक तोंड खाली करून दोरीनं ओढायची. वरचा माणूस नळीचं तोंड स्वतःच्या छातीकडे धरून ओढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता वावरातलं. मुलांइतकीच मला शेजाऱ्यांची काळजी वाटते. कृषी पंपाची लाइन पाळीनं रात्रीची असते तेव्हा हरभरा, गहू ओलायला माणसं अर्ध्या रात्री वावरात असतात. तूर माणसाच्या डोक्याइतकी उभी असते, तिच्यात वाकून चाललेला माणूस आणि डुक्कर यांचा आवाज सारखाच येतो. मार्च-एप्रिलात पहाट फुटायच्या आधी बाया मोहफुलं वेचायला झाडाखाली बसलेल्या असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी आख्खं गाव जंगलात. हालचाल दिसली, बॅटरीत डोळे चमकले, एवढ्यावर बार टाकायचा नाही. पूर्ण जनावर दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही. बारीक छर्रा दोनेकशे मीटरवर जमिनीला येतो, पण डुकरासाठी वापरतात तो एसजी किंवा एलजी नावाचा जाड छर्रा ५०० मीटरच्या पलीकडेही जातो. तुमच्या धुऱ्यापासून ५०० मीटरवर कुणाची झोपडी आहे हे मामाजींना अंधारातही तोंडपाठ असायला हवं. मोहाची किंवा कसलीही घेतली असेल त्या रात्री बंदूक कपाटातच राहील. ही अट सासूबाईंनी घातली तर जास्त चालते.

आणि एक सरळ प्रश्न: बार खरंच लागतो का? वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर किंवा रोही मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पिकासाठी बंदुकीचा परवाना असला तरी. नुसतं हुसकायचं असेल तर झटका मशीनचं कुंपण बंदुकीपेक्षा जास्त जागतं. मात्र मशीनशिवाय थेट लाइनची तार सोडणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्या तारेनं माणसं मेलीत. पीक गेलं तर लगेच वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्या.

मामाजींना सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही, पण खरी अडचण तीच असणार. सुनेनं समोर उभं राहून सांगितलं तर ते ऐकणार नाहीत, हे मी आपल्या भागात राहून जाणतो. दुसऱ्या परवानेदाराकडून, त्यांच्या वयाच्या माणसाकडून बोलणं घाला. कायदाही कामाला येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना घेणाऱ्याला सुरक्षित वापर आणि साठवणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेदरकारपणे किंवा आनंदाच्या भरात बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना जाण्याची भीती जुन्या माणसाला कैदेपेक्षा जास्त असते, तीच पुढे करा. दसऱ्याला बंदुकीची पूजा होते तेव्हा मुलं भोवती असतात. तो दिवस चांगला आहे: पूजेआधी मामाजींनीच नातवंडांसमोर बंदूक उघडून रिकाम्या नळ्या दाखवाव्यात. आणि आजोबा सोबत नसताना बंदूक किंवा काडतूस कुठेही दिसलं तर हात न लावता मोठ्या माणसाला हाक मारायची, हे मुलांकडून म्हणवून घ्यावं. लपवून ठेवलेल्या वस्तूचीच मुलांना ओढ असते.

मामाजींचं वय ७० झालं असेल, किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. यजमानांना वावरासाठी बंदूक खरंच हवी असेल तर तो अर्ज मामाजींच्या हयातीतच करा. नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करता येते. परवानेदार वारला आणि बंदूक तशीच घरात राहिली तर ती बेकायदा ठरते, आणि जमा करायला घरच्यांपैकी ज्याला जावं लागतं त्याला ती भरलेली आहे की नाही हेही माहीत नसतं. तोवर आजच्या आज दोन कामं: मामाजी घरी आले की त्यांच्याच हातानं अंगणात बंदूक रिकामी करून घ्या, आणि भिंतीतली ती खुंटी यजमानांना उपटून टाकायला सांगा.