चाळीस लाखांचं कर्ज काढून एमएसला यावं का?

आधी उत्तर देते, मग कारणं. ज्या अटींवर हे कर्ज आत्ता तुझ्यासमोर आलं आहे, त्या अटींवर ते घेऊ नकोस. अमेरिकेला येऊच नकोस असं माझं म्हणणं नाही. अटी बदलता येतात, त्यातल्या बऱ्याचशा तुझ्याच हातात आहेत, आणि त्या बदलल्यास तर जरूर ये.

तू लिहिलंस ते असं: पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षं झाली, हातात महिन्याला ४५ हजार पडतात. टेक्सासमधल्या एका खासगी विद्यापीठातून डेटा सायन्सच्या एमएसचं ॲडमिट आलंय. फी, राहणं-खाणं, विमा, तिकीट धरून ४० लाख लागतील. एका एनबीएफसीनं (बँक नसलेल्या कर्ज कंपनीनं) ११ टक्क्यांनी बिनतारण कर्ज मंजूर केलंय. सरकारी बँक ९.५ टक्क्यांनी द्यायला तयार आहे, पण आईबाबांचा फ्लॅट तारण मागतेय. बाबा तीन वर्षांत निवृत्त होतील. परदेशी प्रवेश करून देणारे कन्सल्टन्सीवाले म्हणतात, दोन वर्षांत फिटतं, सगळ्यांचं फिटतं. आणि तुझा प्रश्न आहे, ताई, डिग्री वसूल होते का?

कन्सल्टन्सीवाल्यांनी तुला हप्ता सांगितला नसेल, म्हणून तो आधी मांडते. चार सेमिस्टरना प्रत्येकी १० लाख असे पैसे सुटले आणि कोर्सची दोन वर्षं अधिक एक वर्ष असा मोरॅटोरियम मिळाला, तर या काळात काहीच भरायचं नसतं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. साध्या व्याजानं ११ टक्के धरले तरी हप्ता सुरू होईपर्यंत जवळपास १० लाख व्याज साठतं आणि मुद्दलात मिसळतं. म्हणजे तू फेडायला बसशील तेव्हा आकडा ४० नव्हे, ५० लाखांचा असेल. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता सुमारे ६८,९०० रुपये, एकूण परतफेड ८२ लाखांच्या वर. हप्ता हलका करायला पंधरा वर्षं घेतलीस तर महिन्याला ५६,८०० आणि एकूण एक कोटीपेक्षा जास्त.

हाच हप्ता इथून, अमेरिकेतून, बघ. २०२५ च्या डिसेंबरात डॉलर ९० रुपयांच्या वर गेला. त्या भावानं ६८,९०० म्हणजे साधारण ७६५ डॉलर. वर्षाला ८५ हजार डॉलरची नोकरी लागली तर टेक्साससारख्या राज्यात, जिथे राज्याचा आयकर नाही, हातात महिन्याला साडेपाच-सहा हजार डॉलर येतात. रूममेटबरोबर राहिलास, जुनी गाडी चालवलीस, तर हप्त्याच्या दुप्पट-तिप्पट भरून तीन-चार वर्षांत मोकळा होशील. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून मनाई केली आहे, त्यामुळे जास्त भरायला आडकाठी नाही. शिवाय कर्ज रुपयात आणि कमाई डॉलरमध्ये असली की रुपया घसरेल तसं कर्ज आपोआप हलकं होत जातं. माझं असंच फिटलं. तुझ्या कन्सल्टन्सीच्या भिंतीवर ज्यांचे फोटो असतील, त्यांचंही असंच फिटलं असणार.

आता हाच हप्ता पुण्यातून बघ. पगार दुप्पट होऊन ९० हजार झाला तरी ६९ हजार बँकेला जाणार. राहतात २१ हजार.

कोर्स तोच, मार्क तेच, कर्ज तेच. फरक एवढाच की पदवीनंतर तुला इथे काम करू दिलं की नाही. म्हणून डिग्री वसूल होते का, असं विचारून हाती काही लागत नाही. पदवी घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात परत यावं लागलं तर हा हप्ता घराला झेपेल का, हे विचार. तुझ्या आत्ताच्या आकड्यांवर उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे.

परत यायची वेळ किती जणांवर येते? पद्धत समजून घे, म्हणजे अंदाज तुझा तुलाच येईल. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम करता येतं. त्यातून किराणा आणि फोन निघतो, फी निघत नाही. पदवीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, आणि कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर आणखी २४ महिने. ही ३६ महिन्यांची मुदत म्हणजेच तुझं कर्ज फेडण्याचं खरं भांडवल. पण ओपीटीच्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही.

हे ९० दिवस कसे जातात ते मी माझ्या रूममेटच्या निमित्तानं जवळून पाहिलंय. हुशार मुलगी, साताऱ्याकडची. ओपीटी सुरू झालं आणि नोकरी नव्हती. फ्रिजवर कॅलेंडर होतं, त्यावर ती रोज सकाळी एक रेघ मारायची आणि मग लॅपटॉप उघडायची. घरून फोन आला की व्हिडिओ बंद ठेवून बोलायची. प्रत्येक अर्जात एक प्रश्न ठरलेला असतो: पुढे तुम्हाला व्हिसासाठी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का? खरं उत्तर दिलं की बऱ्याच ठिकाणी विषय तिथेच संपतो. शेवटी एका प्राध्यापकांनी तिला लॅबमध्ये बिनपगारी काम दिलं. पहिल्या वर्षाच्या ओपीटीत आठवड्याला किमान २० तासांचं असं काम चालतं, दिवस मोजणं थांबतं. नोकरी मिळाली ती त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. तिच्या वडिलांनी तोवर हप्ते भरले म्हणून ती टिकली. भरू शकले नसते तर तिची हुशारी कामाला आली नसती, हे मी तेव्हापासून विसरलेले नाही.

नोकरी लागल्यावर एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. मागणी जागांपेक्षा जास्त, म्हणून सोडत काढतात. वर्षाला ६५ हजार जागा, आणि अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार. ही वाढीव संधी सरकारी किंवा ना-नफा विद्यापीठाच्या पदवीलाच मिळते, नफ्यासाठी चालवलेल्या संस्थेच्या पदवीला नाही. तुझं विद्यापीठ खासगी आहे, तेव्हा ते यांपैकी कुठल्या प्रकारात बसतं ते आजच तपास. २०२५ च्या मार्चमधल्या सोडतीत सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या होत्या आणि निवड झाली सुमारे १ लाख २० हजारांची. म्हणजे तिघांत एक. स्टेम ओपीटीमुळे हा प्रयत्न दोन-तीनदा करता येतो, हे खरं. पण २०२६ पासून सोडत पगाराच्या श्रेणीकडे बघून होते: चौथ्या श्रेणीच्या पगाराचं नाव चार वेळा टाकतात, पहिल्या श्रेणीचं एकदाच. नव्यानं पास झालेला मुलगा बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीत असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. इथल्या इथे एफ-१ वरून स्टेटस बदलणाऱ्याला ते लागू नाही असा खुलासा पुढच्याच महिन्यात झाला, पण भारतात परतून पुन्हा इथली नोकरी मिळवायची वाट त्यामुळे जवळपास बंद झाली. आणि एच-१बी मिळाल्यावरही नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची. ग्रीन कार्डाचं आत्ता मनातही आणू नकोस. ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्ड प्रकारात भारतीयांची रांग २०२५ साली २०१३ च्या अर्जांपाशी होती.

यूट्यूबवर अमेरिकन मुलांचे ‘कॉलेजची डिग्री घ्यावीच का’ असे वाद बघून तू आणखी गोंधळला आहेस असं दिसतं. ते वाद खरे आहेत, पण ते तुझे नाहीत. इथल्या लोकांवर सरकारी शैक्षणिक कर्जच सुमारे १.६ लाख कोटी डॉलरचं आहे. बायडेन सरकारनं त्यातलं काही माफ करायला घेतलं, ते सुप्रीम कोर्टानं जून २०२३ मध्ये अडवलं. तरीही त्या मुलाला सरकारी कर्जासाठी बापाची सही लागत नाही, आणि कमाई घटली तर उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता ठरवून घ्यायची सोय आहे. तुला ते सरकारी कर्ज मिळतच नाही. तुझ्या कर्जावर बाबा सहकर्जदार आहेत, आणि तुझी कमाई शून्य झाली तरी हप्त्याचा आकडा तोच राहतो.

फ्लॅटबद्दल. सरकारी बँकेचा दर दीड टक्क्यानं कमी आहे, त्यानं हप्ता महिन्याला साधारण ६ हजारांनी उतरतो. ही बचत खरी आहे. पण ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) ठरतं, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला कोर्टात न जाताही तारण घरावर कारवाई करता येते. नोटीस येईल तेव्हा बाबा निवृत्त असतील. बिनतारण कर्जातही बाबांची सुटका नाही, वसुली त्यांच्याकडे येईल, सिबिल त्यांचंही बिघडेल. पण कोर्टात न जाता राहत्या घरावर कारवाई करता येणार नाही. तुझ्या घरात दुसरं घर नाही, शेती नाही. मी तुझ्या जागी असते तर दीड टक्का जास्त दिला असता आणि कर्ज लहान केलं असतं.

कर्ज लहान करणं, हाच सगळ्या उत्तराचा गाभा आहे. ४० ऐवजी २० लाख असेल तर मोरॅटोरियम संपताना २५ होतात आणि दहा वर्षांचा हप्ता साधारण ३४,५०० बसतो. पुण्यात ९० हजार पगारावर हा हप्ता जड जातो, पण भरता येतो. ही रेघ ओलांडायची नाही. बाकीचे २० लाख तीन ठिकाणांहून कमी करता येतात.

एक, खासगी सोड. सार्वजनिक राज्य विद्यापीठांत, लहान गावातल्या कॅम्पसवर, तोच कोर्स पुष्कळ स्वस्तात होतो. नाव दुसऱ्या फळीचं असेल, चालेल. नोकरी देणारे तुझी दोन वर्षांची कामं आणि मुलाखत बघतात. थीसिसवाला एमएस घेतलास तर रिसर्च असिस्टंट व्हायची शक्यता वाढते, आणि असिस्टंटशिप मिळाली की फीचा मोठा भाग सुटतो. प्राध्यापकांना आत्तापासून मेल कर. त्यांचा एक पेपर वाचून, त्यातला एक प्रश्न विचारून कर. शंभर जणांना तोच मजकूर पाठवलास तर उत्तर येणार नाही.

दोन, शिष्यवृत्त्या. आपल्याकडे लोक यांना फारच हलक्यात घेतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर काही प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. तू कुठल्या प्रवर्गात बसतोस ते लिहिलं नाहीस, म्हणून जाहिराती तूच बघ. १८९२ पासून चालू असलेल्या जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती गुणवत्तेवर असते, तिचा अर्ज कर.

तीन, एक वर्ष थांब. प्रवेश पुढे ढकलता येतो का ते विद्यापीठाला विचार. या वर्षात पगार साठव, नोकरी बदलून पगार वाढव. तीन वर्षांचा अनुभव घेऊन इथे आलास तर मुलाखतीत तू कोरा फ्रेशर नसशील, आणि कदाचित वरच्या पगारश्रेणीतही जाशील. साठलेल्या पैशांतून मोरॅटोरियममधलं व्याज दर महिन्याला भरत राहा. १० लाखांच्या पहिल्या टप्प्यावर ते महिन्याला ९,१६७ रुपये होतं. ते भरलंस तर मुद्दल फुगत नाही.

जर्मनीचाही विचार कर. बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत फी नाही, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य हे अपवाद. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते तुझ्याच राहण्या-खाण्याला मिळतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने. पगार इथल्यापेक्षा कमी, भाषा शिकावीच लागते. कर्ज मात्र दहा-पंधरा लाखांत आटपू शकतं. मी तिथे राहिलेले नाही, म्हणून इतकंच.

कर्ज घेतलंस तर दोन कामं लगेच कर. स्वतःच्या नावावर कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स काढ. बोलायला वाईट वाटतं, पण तुला काही झालं तर ही रक्कम निवृत्त बाबांच्या अंगावर येते. आणि बाबा जुन्या करपद्धतीत असतील तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, ती तुझ्या नव्हे, त्यांच्या रिटर्नमध्ये येईल अशी कर्जाची कागदपत्रं करून घ्या.

हा हिशेब बाबांसमोर बसून कर. सही त्यांची आहे, ६८,९०० हा आकडा त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. आणि कुठलंही ॲडमिट पक्कं केलंस तरी फी भरण्याआधी आय-२० वरचा (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरचा) सीआयपी कोड, म्हणजे कोर्सचा वर्गीकरण क्रमांक, मला पाठव. डेटा सायन्स नावाचे काही कोर्स बिझनेस विभागात असतात आणि स्टेममध्ये मोडतीलच असं नाही. तसं असलं तर ३६ महिन्यांचे १२ होतात आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.