वाचकांचे प्रश्न : जुने जपणाऱ्यांनी स्वातंत्र्याविषयी काय लिहिले?

प्रश्न : मी सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचे काम करतो. तरुणपणी कामगार चळवळीच्या सभांना जात असल्यामुळे माझे बहुतेक राजकीय वाचन डाव्या बाजूचे झाले. परंपरा आणि जुन्या संस्था जपण्याचा आग्रह धरणाऱ्या विचारवंतांनी राज्यसंस्था व स्वातंत्र्य यांविषयी काय लिहिले आहे, ते आता मुळातून वाचावे असे वाटते. जुने टिकवू पाहणारा माणूस स्वातंत्र्याचा कैवारी कसा असू शकेल, ही माझी मुख्य शंका आहे. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि ती मनात जागी ठेवूनच ही पुस्तके वाचावीत. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क याच्यापासून सुरुवात करा, असे आपल्याला कोणीही सांगेल. मात्र फ्रेंच राज्यक्रांतीवरचा त्याचा १७९० सालचा प्रसिद्ध ग्रंथ आधी हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो एकदम वाचला, की राजाराणीच्या दुःखाने कळवळणारा सरदार-दरकदारांचा वकील एवढेच बर्कचे चित्र मनात ठसते. त्याऐवजी ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरच्या महाभियोगात त्याने १७८८ मध्ये केलेली भाषणे आधी वाचावीत. हिंदुस्थानात राज्यकर्त्यांनी मनमानी करण्याचीच रीत आहे, असा बचाव हेस्टिंग्जच्या बाजूने मांडला गेला होता. त्यावर बर्कचे म्हणणे असे, की मनमानी सत्ता कंपनीजवळ नव्हती, राजाजवळ नव्हती आणि पार्लमेंटजवळही नव्हती. मग जी कोणाजवळच नाही ती हेस्टिंग्जला देणार कोण? देश बदलला म्हणून नीती बदलत नाही, हे त्याने तिथे ठणकावून सांगितले. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, तरी त्या भाषणांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. जुने कायदे, न्यायालये, प्रथा आणि हक्क बर्कला हवे होते ते मुख्यतः सत्तेला वेसण म्हणून, हे त्यांतून कळते आणि आपल्या शंकेचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. मे १९३० मध्ये आपल्या शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला, त्याचे समर्थन सुव्यवस्थेच्या नावानेच झाले होते. चार हुतात्मा चौकातून जाताना, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांचे स्मरण होते, तेव्हा सुव्यवस्था आणि कायद्याचे राज्य या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हेही आठवावे. जे लेखक हा फरक सांभाळतात ते आपल्या वेळेचे चीज करतील. जे नुसत्या दंडुक्याची तरफदारी करतात, त्यांचे पुस्तक खुशाल मिटून ठेवावे.

यानंतर फ्रेंच राज्यक्रांतीवरचा ग्रंथ घ्यावा. समाज म्हणजे हयात असलेल्यांची, होऊन गेलेल्यांची आणि अजून जन्माला यायच्या असलेल्यांची भागीदारी आहे, हा विचार त्यात आहे. आणि माणूस ज्या लहानशा गटात वाढतो त्याविषयीच्या जिव्हाळ्यातून त्याचे देशप्रेम उगवते, हाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा कोणता मान कोणाचा हे सरकारी परिपत्रक ठरवत नाही. पिढ्यान्पिढ्या अंगवळणी पडलेली अशी व्यवस्था सरकारच्या आधीपासून असते आणि सरकारने तिच्यावर उगाच हात टाकू नये, असे बर्कला वाटे. त्याला उत्तर म्हणून टॉमस पेनने लिहिलेले मानवी हक्कांवरचे पुस्तक १७९१ मध्ये निघाले. ते शेजारी ठेवून वाचले तर दोघांचेही बळ कळते.

पुढे जाताना एक घोटाळा टाळावा. अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक हायेक यांचे नाव परंपरानिष्ठांच्या यादीत सर्रास घातले जाते. परंतु आपण त्या पंथाचे का नाही, हे त्यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथाला स्वतंत्र पुरवणी जोडून सांगितले आहे. सरकारी नियोजनातून हुकूमशाही कशी वाढते, याविषयीचे त्यांचे १९४४ चे पुस्तक त्यांनी सर्व पक्षांतल्या समाजवाद्यांना अर्पण केले होते, तेव्हा आपणही ते निःसंकोच उघडावे.

आपल्याकडचे नाव घ्यायचे तर राजाजींचे, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचे. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ मध्ये लोकसभेत त्या पक्षाचे ४४ खासदार होते. धंद्यासाठी पदोपदी सरकारी परवाना घ्यावा लागण्याच्या पद्धतीला ‘परमिट-लायसन्स राज’ म्हणणे, हा त्यांचाच शब्दप्रयोग. धर्म आणि जुनी मूल्ये मानणारा माणूस सामान्य शेतकऱ्याची व लहान व्यापाऱ्याची साहेबाच्या सहीच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून उतारवयात झगडतो, हे त्यांच्या लेखांत दिसते. आणि मालकवर्गाविषयी मनात अढी असलेल्या आपल्यासारख्या वाचकाने ते मुद्दाम वाचावेत.

या साऱ्या लेखकांची एक बाजू मात्र लंगडी आहे. जपावी म्हणतात ती परंपराच माणसाला तुडवत असेल तर काय करावे, याला त्यांच्याकडे पुरेसे उत्तर नाही, आणि म्हणून डॉ. आंबेडकरांचा १९३६ चा जातिनिर्मूलनावरचा निबंध याच वाचनाचा भाग समजावा. बाबासाहेबांनी बर्क बारकाईने वाचलेला होता. त्या निबंधात धर्माविषयीचे बर्कचे वचन आहे. शिवाय डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत बोलताना, बळाने माणसे क्षणभर नमतात पण पुन्हा पुन्हा नमवण्याची गरज संपत नाही, हा बर्कचा विचार त्यांनी सभेपुढे ठेवला होता. आपण ते भाषण मिळवावे आणि १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींशी समेट करावा म्हणून बर्कने केलेल्या ज्या भाषणातून तो विचार घेतला आहे, ते त्याला जोडून वाचावे.