घर स्वतः बांधतोय, सिमेंटऐवजी चुन्याची जमीन करता येईल का?

हो, नक्की करा. फक्त घाई असेल तर या वाटेला जाऊ नका.

नुसता विरवलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, आणि जाड थरात ही हवा आतपर्यंत फार सावकाश पोचते. म्हणून त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक पूड, हवीच. तिच्यामुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. चुना 1, सुरखी 1, जाड वाळू 1 हे जुनं, भरवशाचं प्रमाण. त्यात विटांचे तुकडे किंवा खडी मिसळून साधारण 10 सेंटिमीटरचा कोबा घाला. खालची भर आधी पाणी मारून धुमसाने चांगली ठोकलेली असावी, नाहीतर वर कितीही कष्ट घेतले तरी जमीन खचेल.

खरं काम इथून पुढे आहे. कोबा थापीने ठोकत राहायचं, तेही एकदाच नाही. थोडा आवळला की पुन्हा. तडे बहुतेक वेळा इथे कंटाळा केल्यामुळे आणि जमीन लवकर वाळल्यामुळे जातात. ओलं गोणपाट निदान दोन आठवडे ठेवा, ऊन-वारा थेट लागू देऊ नका. कडाक्याच्या थंडीत काम काढूच नका.

पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. डाग कमी पडतात.

हातमोजे आणि चष्मा मात्र सुरुवातीपासून. चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.